स्पोर्ट्स कारच्या रंगावर फिल्म : कुठे लावावी, कुठे पैसे वाचवावेत

गाडीच्या रंगावर चढवायच्या पारदर्शक फिल्मविषयी (गॅरेजच्या भाषेत ‘पीपीएफ’, म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म) आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रे या वेळी घेतली आहेत. बहुतेक पत्रे खाली बसणाऱ्या, रुंद टायरच्या गाड्यांविषयी आहेत. उत्तरेही तशाच गाड्या डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत.

नवी पोर्शे ९११ पुढच्या आठवड्यात ताब्यात येते आहे. शोरूमवाले पूर्ण गाडीला फिल्म आणि वर सिरॅमिक असे पॅकेज सांगतात. मित्र म्हणतो, नुसते सिरॅमिक पुरे. दर शनिवार-रविवार एक्स्प्रेसवेने मुंबईला जाणे होते. काय करावे? – एक वाचक, बाणेर, पुणे

मित्र आणि शोरूम, दोघेही अर्धे चूक आहेत.

आधी जाडी पाहू. कारखान्यातून आलेला रंग खालच्या प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत (वरचा पारदर्शक थर) सगळा मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे द्रवरूपात लावायचा संरक्षक थर, सुकल्यावर एक-दोन मायक्रॉन उरते. चांगली फिल्म १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे तुमच्या अख्ख्या रंगाहून जाड. सिरॅमिकमुळे पाणी घरंगळते, चिखल सहज सुटतो, चमक टिकते. उडालेला दगड थांबवणे हे त्याचे कामच नव्हे. ‘९एच कडकपणा’ हा शब्द ऐकवला जाईल. तो पेन्सिलच्या शिश्याने ओरखडा काढायच्या चाचणीतला आकडा आहे. त्याचा खडीशी संबंध नाही.

आता दगड. दोन ग्रॅमचा खडा गाडीवर ताशी १०० किमी वेगाने आदळला तर त्याची ऊर्जा पाऊण ज्यूलच्या थोडी वर असते. समोरच्या टायरने तो तुमच्याकडे उडवला आणि सापेक्ष वेग २०० झाला, तर ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते, म्हणजे तीन ज्यूलच्या पुढे. एवढा मार टणक क्लिअर कोटवर सुईच्या टोकाएवढ्या जागेत बसला की टवका उडणारच. फिल्म रबरासारखी दबते आणि तोच मार मोठ्या जागेत पसरवते. पुढच्या डंपरला ताडपत्री नसेल तर अंतर वाढवावे, हा उपाय फुकटचा आहे आणि कुठल्याही फिल्महून चांगला.

तुमच्या गाडीत मार कुठे बसतो? पुढचा बंपर, बॉनेट, दोन्ही पुढचे फेंडर, बाहेरच्या आरशांची पाठ, विंडस्क्रीनच्या दोन्ही बाजूंचे खांब आणि छपराची पुढची कड. हा झाला समोरून येणारा मार. ९११ ला दुसरा मार स्वतःच्याच पुढच्या चाकांचा बसतो. मागचे फेंडर कमरेसारखे बाहेर आलेले असल्याने पुढचे टायर उडवतील ते सगळे तिथेच आपटते. म्हणून कंपनी स्वतःच मागच्या चाकांपुढे फिल्मचा एक तुकडा लावून देते. गाडी आल्यावर नीट पाहा, कड दिसेल. तो तुकडा लहान असतो. दाराखालचा उंबरा, म्हणजे रॉकर पॅनल, आणि दाराचा खालचा वीतभर भाग उघडाच राहतो.

तेव्हा आमचे मत असे : समोरचा संपूर्ण भाग, रॉकर पॅनल, मागच्या फेंडरचा पुढचा अर्धा भाग, दारांच्या कडा आणि हँडलमागच्या वाट्या एवढ्यांना फिल्म. छप्पर, मागचे झाकण, मागचा बंपर यांना सिरॅमिक पुरे. संपूर्ण गाडीला फिल्म तेव्हाच, जेव्हा रंग खास मागवलेला आहे, गाडी दहा वर्षे ठेवायची आहे, किंवा ती सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये उभी राहते आणि दुचाकीच्या हँडलांचे ओरखडे ठरलेलेच आहेत. अशा गाडीला चांगली फिल्म पूर्ण लावायला दीड ते अडीच लाखांच्या आसपास मागतात. फक्त समोरचा भाग त्याच्या निम्म्यात किंवा कमीत होतो.

बॉनेटला मात्र अर्धी पट्टी लावू नका. तिची कड बॉनेटच्या मधोमध येते, वर्षभरात तिथे मळाची रेघ धरते आणि ती रेघ शंभर फुटांवरून दिसते.

क्रमाने फिल्म आधी, सिरॅमिक नंतर. उलटे केले तर फिल्मचा गोंद सिरॅमिकवर धरत नाही आणि नुकतेच लावलेले सिरॅमिक पॉलिशने घासून काढावे लागते. त्याचेही पैसे लागतात.

तीन ठिकाणी भाव विचारला. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग यांत तिपटीचा फरक आहे. तिघेही ‘टीपीयू’ म्हणतात. खरे काय ते कसे ओळखायचे? – एक वाचक, ठाणे

टीपीयू म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन. ही जात मूळची हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळू-धुळीपासून वाचवायच्या कामातली. पुढे शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि मग रस्त्यावरच्या. बाजारात ‘टीपीएच’ या नावाने जे स्वस्तात मिळते, ते बहुतेक वेळा मऊ केलेले पीव्हीसी असते. मऊपणासाठी घातलेले तेलकट द्रव्य उन्हाने उडून जाते. फिल्म आखडते, कडांवर उचलते, पिवळी पडते आणि काढताना तुकड्या-तुकड्यांनी निघते.

टीपीयूतही दोन प्रकार आहेत. अ‍ॅरोमॅटिक टीपीयू स्वस्त, पण उन्हात पिवळा पडतो. अ‍ॅलिफॅटिक टीपीयू महाग आणि रंगाने स्थिर. भाव विचारताना ‘अ‍ॅलिफॅटिक आहे का आणि ते कागदावर कुठे लिहिले आहे’ एवढे विचारा. उत्तर द्यायला लागलेल्या वेळावरून बरेच कळते.

हातात घेऊन करायच्या दोन परीक्षा आहेत. कात्रणाचा बोटभर रुंद तुकडा मागा, मागचा कागद काढा आणि दोन्ही हातांनी दीडपट लांबीपर्यंत ताणून सोडा. टीपीयू काही क्षणांत जवळजवळ मूळ लांबीवर येतो. पीव्हीसी ताणलेलेच राहते आणि ताणाच्या जागी पांढुरके दिसते. दुसरी परीक्षा रसायनाच्या प्रयोगशाळेतली आहे, पण घरच्या अंगणातही जमते. तांब्याची जाड तार पकडीत धरून ज्योतीत लाल करा, ज्योतीचा हिरवा रंग जाईपर्यंत तापवा. मग ती तार फिल्मच्या कात्रणाला टेकवून पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. ही परीक्षा उघड्यावर आणि नखाएवढ्या तुकड्यावरच करा, कारण पीव्हीसीचा धूर छातीला वाईट.

याशिवाय रोल तुमच्यासमोर खोक्यातून काढायला सांगा. नेहमीचा रोल १.५२ मीटर रुंद आणि १५ मीटर लांब असतो. खोक्यावरचा अनुक्रमांक आणि वॉरंटी कार्डावरचा क्रमांक एकच हवा, आणि तो फिल्म बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या गाडीच्या नंबराने नोंदलेला हवा. स्टुडिओच्या (फिल्म लावून देणाऱ्या दुकानाच्या) शिक्क्याचे कार्ड ही स्टुडिओची वॉरंटी, कंपनीची नव्हे. स्टुडिओ बंद पडला की ती संपली. वॉरंटीत पिवळेपणा, तडे, गोंद सुटणे, फुगे हे येते. दगडाने फाटणे, पक्ष्यांच्या विष्ठेचा डाग, अपघात हे येत नाही.

विम्याचेही इथेच सांगून टाकतो. बंपर बदलावा लागला तर त्यावरच्या फिल्मचे पैसे मिळतील असे धरून चालू नका. पॉलिसीत जादा अ‍ॅक्सेसरी म्हणून किंमत दाखवून नोंद करून घ्या आणि बिल जपून ठेवा.

चार वर्षे जुनी ९११ घेतली आहे. मागच्या मालकाने पुढचे काही रंगवले असावे असा संशय आहे. फिल्म लावली तर रंग निघेल का? – एक वाचक, कोल्हापूर

लावताना सहसा निघत नाही. निघतो तो नंतर, फिल्म काढताना, आणि तेव्हा भांडायला कोणी समोर नसते. तुमचा संशय आधी मिटवून घ्यायला हवा.

रंगाची जाडी मोजायचे यंत्र मिळते. आपल्याकडे बऱ्याच गॅरेजांत असते ते फक्त लोखंडी पत्र्यावर चालणारे, चुंबकी. सध्याच्या ९११ च्या (९९२ मालिकेच्या) बाहेरच्या अंगाला पुढचा-मागचा भाग सोडून सगळीकडे अ‍ॅल्युमिनियम आहे. तिथे ते यंत्र काहीच दाखवणार नाही, आणि ‘सगळे ओके आहे’ असे सांगितले जाईल. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम दोन्हींवर चालणारे यंत्र असलेला माणूस शोधा. प्रत्येक पॅनलवर पाच जागी मोजा. सगळीकडे ११०-१३० आणि एकाच फेंडरवर २२० आले तर तो पुन्हा रंगवला आहे. ४००-५०० च्या पुढे गेले तर खाली पुट्टी आहे. प्लास्टिकच्या बंपरवर दोन्ही यंत्रे आंधळी. तिथे डोळा हवा : पार्किंग सेन्सरच्या गोल कडेला रंगाचा उंचवटा, जाळीच्या आतल्या बाजूला उडालेला फवारा, शेजारच्या फेंडरहून किंचित वेगळी दिसणारी छटा.

पुन्हा रंगवलेल्या भागावर फिल्म लावू नये असे नाही. कारखान्यात रंग साधारण १४० अंशांना भाजला जातो, गॅरेजच्या बूथमध्ये ६० च्या आसपास. गॅरेजच्या रंगातले द्रावक पुढे कित्येक दिवस बाहेर पडत राहते. त्यावर लगेच फिल्म बसवली तर वायू खाली अडकतो आणि राईएवढे फुगे येतात. ताज्या रंगानंतर किमान ३० दिवस थांबा. पावसाळ्यात ६० थांबलात तर अधिक बरे.

तुमच्या गाडीत प्रश्न रंगाच्या पकडीचा आहे. बंपरच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर रुंद मास्किंग टेप नव्हे, चांगली चिकट पॅकिंग टेप घट्ट दाबून बसवा आणि झटक्याने ओढा. टेपवर रंगाचा कपटा आला तर फिल्मचा विचार सोडा. तो बंपर आधी नीट सोलून, प्लास्टिकसाठीचा प्रायमर मारून रंगवून घ्या. बंपरचा रंग बहुतेक वेळा निघतो तो प्लास्टिकवर प्रायमरच मारलेला नसतो म्हणून.

स्टुडिओत गाडी चार दिवस ठेवायला सांगतात. एवढा वेळ कशाला? तिथे जाऊन आपण काय पाहावे? गाडी समृद्धीवरून नागपूरला नेहमी जाते. – एक वाचक, नाशिक

चार दिवस हे चांगले लक्षण आहे. दीड दिवसात पूर्ण गाडी देणारा काहीतरी गाळतो.

पहिला दिवस निव्वळ साफसफाईचा. धुणे, मग लोखंडाचे कण विरघळवणारे द्रव (फवारल्यावर ते जांभळे होऊन ओघळते), मग क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी). ब्रेकच्या डिस्कची आणि रेल्वेरुळांजवळची लोखंडी पूड रंगात रुतून बसलेली असते. तळवा प्लास्टिकच्या पिशवीत घालून रंगावर फिरवला की कळते : काचेसारखे सरकले पाहिजे, खरखर लागली तर काम बाकी आहे. त्यानंतर हलके पॉलिश. फिल्मखाली राहिलेला ओरखडा पुढची सात-आठ वर्षे तसाच दिसणार. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे, म्हणजे पॉलिशचे तेल उरत नाही. समृद्धीवर १२० च्या वेगाने रात्री गेलात तर बंपरभर किडे चिकटतात. ते वाळून रंग खातात. त्यांचे जुने ठसे पॉलिशच्या वेळीच काढून घ्या.

जागा पाहा. बंद खोली, ओली फरशी, पंखे बंद, भिंतीवर उभे दिवे. पत्र्याच्या शेडमध्ये, शेजारी ग्राइंडर चालू असताना फिल्म लावणे म्हणजे कणांची कोशिंबीर.

फिल्म पाण्यावर लावतात. रंगावर आणि गोंदावर साबणाचे पाणी भरपूर फवारायचे, फिल्म तरंगत ठेवायची, हवी तशी सरकवायची, मग स्क्वीजीने (पाणी निपटायच्या पट्टीने) मधून बाहेरच्या दिशेने पाणी हाकलायचे. जिथे फिल्म लगेच धरायला हवी, तिथे पाण्यात मिसळलेले अल्कोहोल मारतात.

खरा कस लागतो बंपरच्या कोपऱ्यावर. स्पोर्ट्स कारच्या बंपरला हवेसाठी खोल भोके, धारदार पट्ट्या आणि आत वळणाऱ्या कडा असतात. सपाट फिल्म तिथे ताणूनच बसवावी लागते. जाणकार कारागीर मधला भाग आधी बसवतो, ताण दोन्ही बाजूंना समान वाटतो, कोपऱ्यावर थोडी हीट गन फिरवतो आणि थांबतो. फिल्म गार होऊन नवा आकार धरते. घाईचा माणूस एकाच टोकाला खेचतो. तिथे फिल्म पातळ होते आणि गोंदात समांतर रेषा पडतात. त्या रेषा पहिल्या दिवशी साबणाच्या पाण्यात दिसत नाहीत. आठवड्याने तिरप्या उजेडात दिसतात आणि मग कायमच्या राहतात. शिवाय फार ताणलेली फिल्म मे महिन्यात गाडी तापली की आकसते आणि कड सुटते. त्यांनी फिल्म लावून सहा महिने झालेली एखादी गाडी दाखवायला सांगा, आणि ती दाखवली की फक्त बंपरचे कोपरे पाहा.

दुसरी गोष्ट पातीची. कड कापताना पाते रंगावर टेकले की क्लिअर कोटमध्ये केसाएवढी चीर पडते. ती आत्ता दिसत नाही. फिल्म काढल्यावर पॅनलच्या कडेने एकसलग रेघ दिसते. म्हणून विचारा : फिल्म कॉम्प्युटरवरच्या नकाशावरून प्लॉटरने (कापायच्या यंत्राने) कापता की गाडीवर पातीने? प्लॉटरचे तुकडे सुरक्षित, पण कडेला एक-दोन मिलिमीटर रंग उघडा राहतो. गाडीवर कापलेली फिल्म कड ओलांडून आत वळवता येते, दिसायला सुरेख, पण सगळी मदार हातावर. आमची पसंती : मापापेक्षा थोडे मोठे तुकडे प्लॉटरने कापून घेणे आणि कड ५ ते १० मिलिमीटर आत वळवणे. यात गाडीवर पाते लागतच नाही.

पार्किंग सेन्सरवर फिल्म येता कामा नये, भोवतीने गोल कापलेली हवी, नाहीतर रिकाम्या रस्त्यावर गाडी बोंबलत राहते. बंपरमागे किंवा बोधचिन्हामागे रडार असेल तर तिथे फिल्मचा एकच थर, फुगा न ठेवता.

पूर्ण काम परवडत नाही. दारांच्या वाट्या आणि कडा घरी करता येतील का? – एक वाचक, सातारा

येतील. बंपरच्या वाटेला मात्र जाऊ नका.

एक लिटर आरओच्या पाण्यात लहान बाळांच्या शाम्पूचे ८-१० थेंब. दुसऱ्या बाटलीत चार भाग पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. साधा शाम्पू नको, त्यातले कंडिशनर गोंद बिघडवते. हँडलमागची वाटी धुऊन, अल्कोहोलने पुसून, शाम्पूच्या पाण्याने ओली करायची. बोटेही ओली, नाहीतर गोंदावर ठसे उमटतात. तुकड्याचे कोपरे चौकोनी ठेवू नका. रुपयाचे नाणे ठेवून गोल कापा, चौकोनी कोपरा पहिल्याच धुण्यात उचलतो. मध्यावर अंगठ्याने दाबून धरायचे, मग मऊ स्क्वीजीने बाहेर. कडेला सुरकुती आलीच तर ती कड उचला, अल्कोहोलचे पाणी मारा, किंचित ताणून पुन्हा बसवा. केस वाळवायचा ड्रायर पुरे. वाटीला दोन दिवस हात लावू नका. गाडी घराबाहेर काढायचीच असेल तर ड्रायव्हरच्या बाजूचे काम दोन दिवस आधी उरका.

फिल्म लावून तीन दिवस झाले, फुगे दिसतात. – एक वाचक, खारघर

बोटाने हलकेच दाबा. फुगा सरकला तर पाणी आहे, ऊन-वारा मिळाला की दोन ते चार आठवड्यांत आपोआप वाळते, पावसाळ्यात जास्त लागतात. जागचा हलला नाही आणि चंदेरी दिसला तर हवा आहे. ती आपण होऊन जात नाही, कारागीर इन्सुलिनच्या सुईने तिरके टोचून काढतो. मध्यभागी काळा ठिपका दिसला तर कण आहे. एका पॅनलवर दोन-तीन कण चालवून घ्यावेत, तळहाताएवढ्या जागेत दहा असतील तर पॅनल बदलून मागा. पहिले सात दिवस धुऊ नका. नंतरही प्रेशर पंपाची धार हातभर लांबून आणि कडेच्या समोरून नव्हे, कडेवरून बाहेर जाईल अशी.

स्टुटगार्टला नोकरी आहे, पोर्शे ७१८ केमन आहे. वर्षातून तीन-चारदा न्यूर्बुर्गरिंगला जातो. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. फिल्मचा उपयोग कितपत? – एक वाचक, स्टुटगार्ट

तुमच्यासारख्या वापरात फिल्मचे पैसे सर्वांत लवकर फिटतात. न्यूर्बुर्गरिंगच्या जुन्या, सुमारे २०.८ किमीच्या नॉर्डश्लाइफ या ट्रॅकवर पुढच्या गाडीचे मऊ टायर खडीच नव्हे, वितळलेल्या रबराच्या गोळ्याही फेकतात. स्वतःचे तापलेले टायर तेच रॉकर पॅनलवर आणि मागच्या फेंडरवर थापतात. रबराचे काळे डाग फिल्मवरून डांबर काढायच्या द्रवाने निघतात. ते द्रव फिल्मवर मिनिटाहून जास्त ठेवू नका आणि कडांपासून दूर ठेवा. केमनला मागच्या फेंडरवर हवेची खोबण आहे, तिची पुढची धार फिल्मखाली गेलीच पाहिजे.

मिठाचे म्हणाल तर फिल्म रंग वाचवते, गाडीचे पोट नव्हे. मीठ खाली, जोडांत आणि ब्रेकच्या भागांत खाते. तिथे आठवड्याला कोमट पाण्याची धारच हवी. एक धोका मात्र फिल्मचाच : दगडाने फिल्म फाटली की त्या भोकातून खारे पाणी आत शिरते आणि कळत नाही. हिवाळ्याआधी आणि नंतर फाटके तुकडे हेरून ते पॅनल बदला.

हेडलॅम्पवर फिल्म लावू नका. जर्मनीत त्याने दिव्याची मंजुरी रद्द ठरते आणि तपासणीला गाडी अडते. भारतात सर्रास लावतात. इथेही गडद फिल्म नको, रात्रीचा उजेड कमी होतो.

गाडी घराबाहेर आंब्याखाली उभी असते, पावसाळ्यात कव्हर घालतो. दीड वर्षात फिल्म दुधी दिसू लागली, डागही पडलेत. फसवणूक झाली का? – एक वाचक, म्हापसा, गोवा

कदाचित नाही. फिल्मचा गोंद अ‍ॅक्रिलिकचा. सतत ओलीत राहिला की पाणी शोषून पांढुरका होतो. ओले कव्हर आठवडाभर घातलेले असेल तर तेच झाले. कव्हर काढा, गाडी दोन-तीन दिवस कोरड्या उन्हात ठेवा. दुधीपणा गेला तर फिल्म चांगली आहे, सवय बदला. कव्हर कोरड्या गाडीवरच घालायचे. दुधीपणा गेला नाही आणि कडेपासून आत पिवळसर पट्टा सरकत असेल तर माल हलका आहे.

डागांचे दोन प्रकार. आंब्याचा चीक आणि पाखरांची विष्ठा फिल्मच्या वरच्या थरात मुरतात. ओला कपडा दहा मिनिटे ठेवून फुगवा, मग पुसा, कोरडे खरवडू नका. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याच्या पांढऱ्या कड्या पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून पुसल्या की जातात, लगेच साध्या पाण्याने धुवा. बारीक ओरखडे असतील तर ६०-७० अंशांचे गरम पाणी हळूहळू ओता. वरचा थर मऊ होऊन ते मिटतात. यालाच विक्रेते ‘स्वतः भरून येणारी फिल्म’ म्हणतात. भरते ते वरच्या थरापुरते. किल्लीने फाडलेले भरत नाही.

डाग नाहीच गेला तरी एक लक्षात घ्या : तो फिल्मवर आहे. पॅनलची फिल्म बदलता येते.

चकचकीत काळ्या मस्टँगला मॅट फिल्म लावली तर आरटीओची परवानगी लागते का? – एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

पारदर्शक मॅट फिल्मखाली काळा काळाच राहतो, आरसी बुकातला रंग बदलत नाही. रंगीत फिल्मने काळ्याची निळी केलीत तर नोंदणीत बदल करून घ्यावा लागतो. काचांच्या फिल्मचे नियम पूर्ण वेगळे आहेत, त्यांची यात गल्लत नको. मॅट फिल्मवर कधीही मेण किंवा पॉलिश लावू नका, घासल्या जागी चकाकी येते आणि परत जात नाही.

सहा वर्षांपूर्वी लावलेली फिल्म आता काढायची आहे. घरी ओढून काढू का? – एक वाचक, विलेपार्ले, मुंबई

आधी एका कोपऱ्यावर पाहा. फिल्म अजून लवचिक असेल आणि रंग कारखान्याचा असेल तर काढा. तुटक, चिरमुऱ्यासारखी झाली असेल तर स्टुडिओत वाफेने काढून घ्या, हाताने दोन दिवस जातील आणि नखे जातील.

हीट गन हातभर लांबून फिरती ठेवत पॅनल हाताला सोसवेल-न-सोसवेल इतके, ६० अंशांच्या आसपास, गरम करा. कोपरा नखाने उचला, पात्याने नव्हे. फिल्म सरळ वर ओढू नका, ती स्वतःवर दुमडून पत्र्याला जवळजवळ समांतर, सावकाश ओढा. एका जागी अडली तर जोर लावायच्या आधी पुन्हा तापवा. उरलेला गोंद संत्र्याच्या सालीच्या तेलापासून केलेल्या गोंद-काढणीने भिजवा, पाच मिनिटांनी मायक्रोफायबरने गोल गोल पुसा. थिनर नको.

लाल किंवा पिवळी गाडी असेल आणि फिल्म फक्त समोर असेल, तर बॉनेट दारांपेक्षा ताजे दिसेल. दारे पॉलिश केली की बराचसा फरक मिटतो. पॉलिशच्या प्रत्येक फेरीत क्लिअर कोटचे दोन-चार मायक्रॉन जातात, म्हणून आधी जाडी मोजा. ८० च्या खाली आकडा आला तर मशिन बाजूला ठेवा आणि दारांवर नुसते हाताने मेण लावा.